अकरा ठिकाणं आणि एक कट्टा

"ताई, नमस्कार. आम्ही साताऱ्याजवळच्या एका गावातले. डिसेंबरात नणंदेकडे डोंबिवलीला येतोय. शुक्रवारी रात्री पोचणार, रविवारी दुपारी परत. मधला शनिवार अख्खा मुंबईसाठी. आम्ही सहा जण: सासू-सासरे, आम्ही दोघं, चौदा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. ह्यांनी यादी केलीय: सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, सी-लिंक, राणीची बाग, नेहरू विज्ञान केंद्र, हँगिंग गार्डन, गेटवे, एलिफंटा, जुहू चौपाटी आणि मुलासाठी एक मॉल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण सिद्धिविनायक हवाच म्हणतात. मुलीला पेंग्विन बघायचेत. मुलगा फोनमधून मान वर काढत नाही. सासरे म्हणतात, 'मी घरीच थांबतो, माझी मुंबई बघून झालीय.' संपाच्या आधी सहा वर्षं ते लालबागला गिरणीत होते. गेल्या वर्षी पुण्याला असेच गेलो होतो. शनिवारवाड्याच्या पायरीवर सासूबाई बसल्या त्या उठेचनात, मुलगी रडली, हे चिडले, परतीच्या एसटीत कोणी कोणाशी बोललं नाही. यंदा तसं होऊ नये म्हणून काय करू? (मला स्वतःला संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर अर्धा तास नुसतं बसायचंय. पण ते जमलं तर.)"
— एक सून, सातारा

सूनबाई,

तुमच्या पत्रातलं कंसातलं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी यादीचं बघू.

यादी करणाऱ्याला नावं ठेवू नका. नकाशावर ही सगळी ठिकाणं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली दिसतात. मोबाइलवर दोन बोटांत मुंबई मावते. पण जुहू आणि गेटवे यांच्यात वीसेक किलोमीटर आहेत, आणि शनिवारी संध्याकाळचे वीस किलोमीटर म्हणजे काय ते तुमच्या नणंदेला विचारा. एकट्या एलिफंटाचा हिशेब सांगते. गेटवेला लाँचची रांग, जायला तास, उतरल्यावर धक्क्यावरून लांब चाल (छोटी गाडी आहे, पण तिलाही रांग), मग लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या, पुन्हा तेवढ्याच खाली, पुन्हा लाँच, पुन्हा तास. अकरातलं एक ठिकाण झालं आणि दुपारचे तीन वाजले. वर सासूबाईंचे गुडघे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझं माहेर गिरगावातलं, सासर मुलुंडचं, त्यामुळे 'मुंबई दाखवायची' पाळी आयुष्यभर माझ्यावरच आली. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी कोल्हापूरकडचे चुलत दीर, जाऊ आणि त्यांची तीन मुलं आली होती. नवी सून, अंगात उत्साह! एका दिवसात नऊ ठिकाणं दाखवली मी त्यांना. गेटवेसमोर काढलेला फोटो अजून आहे. सात माणसं, चौघांचे डोळे मिटलेले, जाऊबाई एका पायावर, कारण दुसऱ्या पायातली चप्पल तुटून हातात आलेली. ती मुलं आता चाळिशीला आली. त्यांना त्या दिवसातलं काय आठवतं विचारलं, तर धाकटी म्हणाली, "काकू, गाडी कुठेतरी थांबली होती आणि आपण दारात बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या, ते." रविवारचा मेगाब्लॉक होता तो. नऊच्या नऊ ठिकाणं वाया, आणि रेल्वेचा खोळंबा तेवढा लक्षात.

तेव्हापासून मी ठिकाणं मोजायचं सोडलं. मी उठबस मोजते. म्हणजे सामान आवरून, चपला शोधून, कोण कुठे आहे ते बघून, 'चला चला' म्हणत सगळ्यांना उठवायचं आणि दुसरीकडे नेऊन बसवायचं, ही एक उठबस. माणूस चालून जितका दमत नाही तितका उठवून दमतो. सहा वर्षांची पोर आणि दुखऱ्या गुडघ्यांची आजी बरोबर असताना दिवसाला चार उठबशी, डोक्यावरून पाणी पाच. तुमच्या यादीत तेवीस होत्या. मी मोजल्या.

आणि दुसरं, रेघ एकच धरायची. तुम्ही डोंबिवलीला उतरणार, म्हणजे मध्य रेल्वे. मग दिवस तिच्याच कडेकडेने काढायचा: भायखळा, लालबाग, सीएसएमटी, आणि शेवटी समुद्र. वांद्रे, वरळी, जुहू यांना आज रामराम. मुंबई कुठे पळून जात नाही आणि नणंदही डोंबिवलीतच राहणार आहे.

आता सिद्धिविनायक. देवळाच्या रांगेचा भरवसा देवालाच नसतो, म्हणून दर्शन दिवसाच्या मधोमध ठेवायचं नाही. एक तर सगळ्यात आधी, नाहीतर नाहीच. सासूबाईंचं मन मोडू नका, सकाळीच उरकून टाका. पण त्यासाठी सहाच्या सहा जणांना पहाटे उठवायचं कारण नाही. सासूबाई आणि त्यांचा मुलगा, दोघांनीच जावं. सव्वासहाच्या सुमारास डोंबिवलीहून फास्ट गाडी, दादरला उतरून टॅक्सी, दर्शन, तिथेच कुठेतरी नाश्ता, आणि टॅक्सीनेच दहापर्यंत भायखळ्याला राणीच्या बागेच्या दारात. (सिद्धिविनायकाला आता भुयारी मेट्रोचं स्टेशन झालंय, ते बघून मेट्रोचा मोह होईल. पण भायखळा त्या मार्गावर नाही.) एकत्र सहल म्हणजे दिवसभर सहा जणांनी एकमेकांना दोरीने बांधून फिरायचं, असं कोणी सांगितलं? आईला घेऊन एकट्याने देवाला गेल्याला तुमच्या यजमानांना किती वर्षं झाली, विचारून बघा. दोघांनाही बरं वाटेल. आणि तुम्हाला सकाळी एक तास जास्त मिळेल, हे मी हळूच सांगते.

निघायच्या आधी कालनिर्णय मात्र बघा. त्या शनिवारी संकष्टी असेल तर हा बेत रद्द. सहा डिसेंबरच्या आसपासचा शनिवार असेल तरीही दादर टाळा. चैत्यभूमीला लाखो माणसं येतात, त्या दिवसांत दादर त्यांचं असतं. रविवारची तर गोष्टच नको, ब्लॉक असतो. शनिवार निवडलात हे फार शहाणपणाचं केलंत.

उरलेले चार जण, म्हणजे तुम्ही, सासरे आणि मुलं, पावणेनऊच्या पुढे निघा. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो गाडी धरा. फास्टच्या नादी लागू नका. वेळ जास्त लागतो, पण बसायला मिळायची आशा असते. आशाच म्हणते, कारण डोंबिवलीकर आधीच्या स्टेशनावरून उलटे बसून येतात आणि गाडी फलाटाला लागते तीच अर्धी भरलेली. स्लो गाडी प्रत्येक स्टेशनाला थांबते, पोरीला नावं वाचायला मजा येते. सहा वर्षांच्या मुलीचं अर्धं तिकीट काढा, विसरू नका. आणि गाडीत चढायच्या आधी दोन्ही मुलांना मुंबईचा एक नियम पाठ करून घ्या: मी उतरले आणि तुम्ही आत राहिलात, तर पुढच्या स्टेशनावर उतरायचं आणि जागचं हलायचं नाही, आम्ही मागच्या गाडीने येतो. तुम्ही उतरलात आणि मी आत राहिले, तर तिथेच थांबायचं, मी परत येते. मुलीच्या हातावर, मनगटाच्या वर, बॉलपेनने तुमचा नंबर लिहा. आम्ही गिरगावातल्या बायका जत्रेला पोरांच्या हातावर चाळीचं नाव लिहायचो, तसंच.

मुलाला मॉल नको. जे मॉल त्याला मुंबईत दिसतील ते पुण्यातही आहेत, आतली दुकानं तीच, आतला गारवाही तोच. त्याला काम द्या. फोनमध्ये एम-इंडिकेटर, म्हणजे लोकलच्या वेळा दाखवणारं ॲप, घालून घ्यायला सांगा आणि सांगा, आजचा गार्ड तू. कुठली गाडी, कुठल्या फलाटावर, भायखळ्याला दार कुठल्या बाजूला येणार, सगळं त्याने बघायचं. तो चुकला तर चुकू द्या, ओरडायचं नाही. फोनमधून मान वर काढत नाही म्हणता ना, मग फोनमध्ये मुंबईच घालून द्या.

भायखळ्याला राणीच्या बागेत (आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला राणीची बागच सांगा) पहिला मुक्काम मोठा, दहा ते एक. बुधवारी बंद असते, तुम्ही शनिवारचे, त्यामुळे प्रश्न नाही. पेंग्विनकडे सरळ सुरुवातीलाच जा, नंतर रांग वाढते. मुलीला आधीच दोन गोष्टी सांगून ठेवा, नाहीतर तिथे हिरमुसेल. एक, हे पेंग्विन लहान असतात, दोन-सव्वादोन फुटांचे. दुसरं, बर्फ नसतो. हे हम्बोल्ट जातीचे, मूळ पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना बर्फाचं वेड नाही. २०१६ मध्ये कोरियाहून आणले तेव्हा मुंबईत केवढी चर्चा झाली होती! काचेजवळ जमिनीलगत जागा मिळाली तर मुलीला तिथे बसवा. पाण्याखालून एक पेंग्विन बाणासारखा येतो आणि काचेपाशी येऊन गर्रकन वळतो, ते उभ्याने दिसत नाही.

सगळे पिंजरे बघायचा हट्ट धरू नका. सासूबाई आल्या की त्यांना झाडाखाली बाकावर बसवा. ही बाग मुळात झाडांची आहे, १८६१ पासूनची. गोरखचिंचेचं झाड शोधा, हत्तीच्या पायासारखं खोड असतं. आणि हत्तीवरून आठवलं. याच आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं, आणि त्याच्या बाजूला एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. ज्या हत्तीवरून पोर्तुगिजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटलं, तो हाच. १८६४ मध्ये त्याला उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना कोसळला आणि तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले, १९१४ मध्ये जोडून उभे केले. जवळ गेलात तर अंगावरचे सांधे दिसतात, फुटलेली परात जोडावी तसे. मुलीला ते सांधे बोटाने दाखवा, मोजायला लावा. ह्यांना सांगा, एलिफंटा यादीतून गेलं नाही, एलिफंटाच तुमच्या वाटेत येऊन उभं राहिलंय.

तिथेच सासऱ्यांसाठीही एक गंमत आहे. त्यांना विचारा, काळा घोडा कुठे आहे? ते म्हणतील फोर्टात. फोर्टात आता बिनस्वाराचा नवा घोडा आहे, २०१७ चा. सातव्या एडवर्डचा मूळ पुतळा १९६५ मध्ये तिथून काढला आणि तो राणीच्या बागेत आणून ठेवला. सासरे गिरणीत होते त्या काळातही तो इथेच होता, पण पाळ्या करणारा माणूस राणीच्या बागेत घोडे बघत हिंडतो थोडाच.

संग्रहालय बारकं आहे, अर्ध्या-पाऊण तासात होतं. मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे पोशाख. पोरीला त्या बाहुल्याच वाटतील, वाटू द्या. एक नाजूक गोष्ट: सासूबाई सकाळपासून पाणी पीत नसतील, तर का ते ओळखा. बाहेर पडलं की आपल्या पिढीच्या आणि आधीच्या बायका तहान मारून बसतात, बाथरूमची सोय होईल न होईल म्हणून. त्यांना आधीच सांगा, बागेत सोय आहे, जेवायच्या ठिकाणी आहे, सीएसएमटीला आहे, पाणी प्या. अर्धी चिडचिड तहानेची असते. शनिवारवाड्याच्या पायरीवर काय झालं होतं, मला शंकाच आहे.

आता सासऱ्यांचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोठं वाटलं ते त्यांचंच वाक्य. 'माझी मुंबई बघून झालीय.' १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मिटला असं कोणी कधी नीट जाहीरसुद्धा केलं नाही, माणसं नुसती गावाला परत जात राहिली. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण. गिरगावातून आम्ही ते बघितलंय. आमच्या खानावळीवाल्या काकूंकडे रोज तीस ताटं असायची, ती वर्षभरात नऊवर आली. तुमचे सासरे त्यातले. त्यांना मुंबई बघायची नाही, हे मला पटतं. पण राणीच्या बागेपासून लालबाग टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे.

त्यांना सरप्राइज देऊ नका, हे हात जोडून सांगते. फोन धरून 'बघा पप्पा, तुमचं लालबाग!' असलं काही नको. आदल्या आठवड्यात, स्वयंपाकघरात कोणी नसताना, सहज विचारा: "मामंजी, तुम्ही राहायचात ती खोली नेमकी कुठे होती? दुपारचं जेवण तिकडेच करू का?" नाही म्हणाले तर विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. तसं झालं तर सरळ सीएसएमटीला जा, स्टेशनासमोर पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी खा.

हो म्हणाले तर लालबागला त्या दिवसाचे पुढारी तेच. तुम्ही नकाशा उघडायचा नाही. भारतमाता सिनेमापाशी टॅक्सी सोडा आणि जिकडे ते वळतील तिकडे वळा. चाळीच्या जागी टॉवर असेल. ते थोडा वेळ काही बोलणार नाहीत. बोलू नका तुम्हीही. मग गणेश गल्ली दिसली, मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांचा खकाणा नाकात गेला, की आपोआप तोंड उघडेल, आणि एकदा उघडलं की बंद होणार नाही. जेवणाला जवळच लाडू सम्राट आहे. मराठी पदार्थ, बसायला जागा, आणि शनिवार सासूबाईंचा उपासाचा असेल तर साबुदाणा वडा. मुलाला आजोबांच्या शेजारी बसवा. पाळी म्हणजे काय, एका खोलीत पंधरा जण कसे झोपायचे, ते त्याने चौदाव्या वर्षी ऐकावं. निघताना चिवडा गल्लीतून नणंदेसाठी अर्धा किलो चिवडा घ्या, दोन दिवस तिच्याकडे राहताय, रिकाम्या हाताने जाऊ नका.

लालबागहून सीएसएमटीला लोकल आहे, पण पुलाच्या पायऱ्या आहेत. गुडघ्यांसाठी टॅक्सीच बरी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार जण बसतात, म्हणजे दोन टॅक्सी लागतील, मीटरने दोन्ही मिळून अडीचशेच्या आसपास. रिक्षा शोधत बसू नका. साताऱ्याहून येणाऱ्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगते, शहरात माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षाला मज्जावच आहे. टॅक्सीवाल्याला म्हणा, जे.जे.च्या पुलावरून घ्या. पूल वस्तीमधून वळत जातो, दोन्ही अंगांना लोकांच्या खिडक्या इतक्या जवळ की कोणाच्या घरात कुठला टीव्ही चाललाय ते कळतं.

सीएसएमटी आतून बघायची घाई नको. परतताना आत जाणारच आहात. समोरच्या फुटपाथवर महापालिकेच्या बाजूला उभे राहा आणि वर बघा. १८८७ च्या सुमारास झालेलं काम, फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या माणसाचं. सगळे घुमटाकडे बघतात. तुम्ही मुलीला भिंतीवरची माकडं, मोर, सरडे शोधायला लावा, दगडात कोरलेले. पंधरा मिनिटं पुरे. मग तिथूनच नरिमन पॉइंटकडे जाणारी बेस्टची ११५ नंबरची डबलडेकर. जुन्या लाल डबलडेकर २०२३ मध्ये बंद झाल्या, आता विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित आहेत. सासूबाई खाली बसतील. मुलांना वर, अगदी पुढची बाकं मिळेपर्यंत एक बस सोडावी लागली तर सोडा. त्या काचेतून फोर्ट असा दिसतो की झाडाच्या फांद्या अंगावर येतात. गार्डसाहेबांचा फोन तेव्हा खिशात जातो, मी पैज लावते.

मोजा आता. बाग, लालबाग, सीएसएमटी, समुद्र. चार उठबशी.

गेटवे गेलं, हँगिंग गार्डन गेलं, ह्यांना वाईट वाटेल. 'तुमची यादी चुकली' असं म्हणू नका, त्यांनी हौसेने केलीय. म्हणा, यातले दोन या खेपेला, बाकीचे पुढच्या. आणि परतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे द्या. यादी करणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी असावं लागतं, नाहीतर तो दर वीस मिनिटांनी घड्याळ दाखवतो.

आता तुमचा कंस.

हा सगळा दिवस मी तिथूनच उलटा आखलाय, तुमच्या लक्षात आलं असेल किंवा नसेल. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. म्हणून पाचला कट्ट्यावर, म्हणून चारला सीएसएमटी, म्हणून तीनला लालबाग सोडायचं. यातली कुठलीही गोष्ट लांबली तर ती कापा, कट्टा कापायचा नाही. 'जमलं तर' हा शब्द मला माझ्या सासरच्या पहिल्या दहा वर्षांत तोंडपाठ होता, त्यामुळे तो कुठे लिहिलेला दिसला की मला तो खोडावासा वाटतो.

नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीए नाट्यगृहाच्या बाजूला उतरलात की समोरच समुद्र. तिथे बसा, चौपाटीपर्यंत चालत जायचं नाही, साडेतीन किलोमीटर आहे. या टोकावरून डिसेंबरात सूर्य उघड्या पाण्यात बुडताना दिसतो आणि उजव्या हाताला मलबार हिलपर्यंत सगळी कमान. दिवे लागायला लागले की ती कमान एका टोकाकडून उजळत येते. राणीचा हार म्हणतात तो हाच. सासूबाईंना कट्ट्यावर चढायला त्रास होईल, कट्टा रुंद आहे पण उंचही आहे, सासऱ्यांनी एका बाजूने हात दिला की होईल. खाली एक जुनी चादर घडी करून ठेवा, दगड दिवसभराचा तापलेला असतो आणि नंतर गार पडतो. पाण्याकडे पाय सोडून बसायचा मुलीचा हट्ट असेल, तर ह्यांनी तिला धरून बसायचं. तुम्ही नाही.

डब्याची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, मुलीचा स्वेटर, चिवड्याचा पुडा, सगळं ह्यांच्याकडे. शेंगदाणेवाला आला की पैसे त्यांनी द्यायचे, भूक कोणाला लागलीय ते त्यांनी बघायचं. साडेपाच ते सहा तुम्ही कोणाच्या आई नाही आणि कोणाच्या सून नाही. हे आदल्या रात्री त्यांना नीट सांगून ठेवा. तिथे ऐनवेळी तोंड वाकडं करून कळवायचं नसतं.

पावणेसातपर्यंत उठा. टॅक्सीने सीएसएमटी, आणि गार्डसाहेबांकडून डोंबिवलीलाच संपणारी गाडी शोधून घ्या. कसारा, कर्जत, बदलापूरच्या फास्टमध्ये चढू नका. लांबचे लोक त्यात असतात आणि डोंबिवलीला तुम्हाला उतरू द्यायला कोणी हलत नाही. सीएसएमटीहून गाडी सुटते, त्यामुळे एक सोडून दुसरीसाठी थांबलात तर सगळ्यांना बसायला मिळेल. नणंदेला सकाळीच सांगून ठेवा, रात्री फक्त खिचडी टाक. चिवडा आहेच वरून घालायला.